शेवटचा दहावा हिस्सा

सर्व्हर नावाच्या यंत्राच्या ठायी जी निरनिराळी सामर्थ्ये एकवटलेली असतात, त्यांपैकी संचयाचा भार एकट्या डिस्कवर पडतो. प्रोसेसरचा जो क्षण कामावाचून गेला तो गेला. त्याची थकबाकी दुसऱ्या दिवसाच्या खाती ओढली जात नाही. वीज जाताच रॅम कोरी होते, आणि नेटवर्कवरून गेलेल्या मजकुराची पुढच्या निमिषाला तारेला ओळखही उरत नाही. डिस्क मात्र सांगितल्यावाचून काहीच टाकून देत नाही. काही वर्षांपूर्वी एखाद्या अभियंत्याने केवळ पडताळणीसाठी काढलेली डेटाबेसची प्रत, कुणीही न वाचलेला एखादा अहवाल, ज्या प्रोग्रामची कुणाला आठवणही राहिलेली नाही त्याने अखंड लिहीत ठेवलेले लॉग, आणि ज्यांच्यावर हजारो खातेदारांचा व्यवहार उभा आहे अशा नोंदी, ही सारी तिच्या लेखी एकाच मोलाची असतात. म्हणून जो सर्व्हर रात्रंदिवस राबतो आहे त्याची डिस्क भरत जाणे हा अपघात मानता येत नाही. तो त्याच्या आयुष्याचा स्वाभाविक क्रम आहे, आणि त्या क्रमाला आवर घालीत राहणे हे ज्यांच्याकडे सर्व्हरांची देखभाल सोपवलेली असते त्यांचे नित्यकर्म आहे. माझे पुष्कळसे आयुष्य या नित्यकर्मात गेले, आणि त्यातून रित्या जागेविषयी माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला त्याचे कारण सांगावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

भरत आलेल्या डिस्कची अडचण अशी की तिचे भरत जाणे वापरणाऱ्याला सहसा जाणवत नाही, आणि भरल्यावर जे घडायचे ते एकाएकी घडते. युनिक्सच्या वंशातील प्रणालींत या अवस्थेला २८ क्रमांकाची त्रुटी नेमून दिलेली आहे. यंत्रावर जागा शिल्लक नाही, एवढाच तिचा आशय. परंतु ती ज्याच्या पदरी पडते तो प्रोग्राम तिची दखल घेईलच अशी हमी नसते. आधी जुनी फाइल रिती करायची आणि मग तीत नवा मजकूर उतरवायचा, अशी रीत असलेले प्रोग्राम पुष्कळ आहेत. रिती करण्याला जागा लागत नाही, उतरवण्याला लागते. परिणामी जुने गेलेले आणि नवे न आलेले, अशी शून्य बाइटांची फाइल मागे राहते, आणि पुढे केव्हातरी सर्व्हर पुन्हा चालू करण्याचा प्रसंग आला म्हणजे एखादी सेवा, आपल्या मांडणीची फाइलच कोरी सापडल्यामुळे, उभी राहण्याचे नाकारते. नवी फाइल शेजारी संपूर्ण लिहावी, ती डिस्कवर सुखरूप उतरल्याची खात्री करून घ्यावी आणि नंतरच तिला जुनीचे नाव द्यावे, हा निर्धोक मार्ग सर्वांना ठाऊक आहे. तरीही जो प्रोग्राम त्या मार्गाने जातो त्याच्या कर्त्याविषयी मला अजूनही कृतज्ञता वाटते, कारण संकटाच्या वेळी त्याची फाइल जुनी असते, पण असते.

मग डिस्क भरली असे केव्हा म्हणावे? शंभरातले शंभर भाग व्यापले गेले म्हणजे, हे उत्तर सहज सुचते आणि ते चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे हे मार्शल कर्क मॅक्कुसिक, विल्यम जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री या चौघांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जी नवी फाइलसिस्टिम रचली, आणि १९८४ साली जिच्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला, तिच्या वर्णनात फार स्वच्छपणे मांडलेले आहे. युनिक्सच्या जुन्या फाइलसिस्टिममध्ये मोकळ्या ब्लॉकांची एक साखळी असे. डिस्क नवी असताना ती साखळी क्रमवार असे, त्यामुळे एका फाइलीचे ब्लॉक एकमेकांना लागून पडत, आणि वाचनाचा वेग सेकंदाला १७५ किलोबाइटांपर्यंत जाई. पण फायली निर्माण होत, नष्ट होत, मोकळे झालेले ब्लॉक ज्या क्रमाने परत आले त्या क्रमाने साखळीत ओवले जात, आणि काही आठवड्यांच्या मध्यम वापरानंतर ती साखळी इतकी विस्कटे की लागोपाठच्या दोन ब्लॉकांसाठी वाचनदांडीला तबकडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावावे लागे. वेग ३० किलोबाइटांवर येऊन ठेपे. डिस्क तीच, यंत्र तेच. बिघाड कुठलाही नाही. नाहीशी झालेली गोष्ट एकच, ती म्हणजे सलग मोकळी जागा.

बर्कलीच्या मंडळींनी ब्लॉक मोठे केले, तबकडीचे विभाग पाडले, एका फाइलीचे अवयव शक्य तो एकाच विभागात राहतील अशी तजवीज केली. परंतु ही सारी तजवीज एका अटीवर अवलंबून होती, आणि ती अट त्यांनी फाइलसिस्टिमच्या घडणीतच घालून ठेवली. एकंदर जागेचा दहावा हिस्सा सदैव मोकळा राहिला पाहिजे. साध्या वापरकर्त्यांचा त्यावर हक्क नाही. शिल्लक त्याखाली गेली तर फक्त व्यवस्थापकालाच पुढे लिहिता येईल. कारण असे की निवड करायला वाव असेल तरच मांडणी सुविहित राहते. मोकळे ब्लॉक मुबलक असताना प्रणाली जवळचा ब्लॉक निवडू शकते. ते विरळ झाले म्हणजे तिला मिळेल तो घ्यावा लागतो, आणि तो मिळवण्यासाठीही एका विभागातून दुसऱ्यात शोधत फिरावे लागते. राखीव हिस्सा शून्यावर आणून ठेवला तर कामाचा वेग निम्म्यावर येतो, असे त्यांनी नमूद केले आहे. त्याच निबंधातील आणखी एक निरीक्षण मला त्याहून मोलाचे वाटते. टंचाईच्या काळात लिहिल्या गेलेल्या फायली टंचाई संपल्यावर आपोआप सरळ होत नाहीत. पुरेशी जागा झाल्यावर त्या उचलून पुन्हा नव्याने लिहिल्या तरच त्यांचा वेग परत येतो. म्हणजे डिस्क महिनाभर ९९ टक्क्यांवर ठेवून मग अर्धी मोकळी केली, तरी त्या महिन्यातले लेखन तुटकच राहते, आणि ते वाचणाऱ्याला पुढेही त्या महिन्याचा भुर्दंड पडत राहतो.

या राखीव हिश्श्यामुळे बर्कलीच्या बीएसडी प्रणालींवर एक विलक्षण आकडा दृष्टीस पडत असे. डिस्कची शिल्लक सांगणारी डीएफ ही आज्ञा वापरकर्त्यांना उपलब्ध असलेल्या जागेलाच पूर्ण शंभर मानी. त्यामुळे व्यवस्थापकाच्या अधिकारात चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने राखीव हिस्साही व्यापून टाकला म्हणजे ती १११ टक्के असा हिशेब दाखवी आणि शिल्लक उणे लिही. त्याच प्रणालीच्या लॉगमध्ये एरवी क्वचित दिसणारी एक सूचना असे, की जागेच्या तुकडेबाजीमुळे वेळ वाचवण्याचे धोरण सोडून जागा वाचवण्याचे धोरण स्वीकारले आहे. ती ओळ वाचताना मला नेहमी वाटे की सगळ्या लॉगमध्ये एवढे प्रांजळ वाक्य दुसरे नसेल. यंत्र आपल्या स्थितीतला पालट इतक्या नेमकेपणाने सांगते, आणि तो वाचायला तेथे बहुधा कुणी नसते.

पुढे लिनक्ससाठी १९९३ साली ईएक्सटी-२ ही फाइलसिस्टिम आली तेव्हा राखीव हिस्सा ५ टक्क्यांचा ठरला, आणि तो मामूल ईएक्सटी-४ पर्यंत चालत आला. झेडएफएस ही फाइलसिस्टिम आपल्यापाशी सुमारे बत्तिसावा हिस्सा राखून ठेवते. फिरत्या तबकडीची जागा चिपांनी घेतली, वाचनदांडीची धाव संपली, तेव्हा आता राखीव जागेचे कारण उरले नाही असे म्हणणारे काही भेटले. पण त्या चिपांवर लिहिलेले पुसायचे तर मोठा विभाग एकदम पुसावा लागतो, आणि त्यातला जिवंत मजकूर आधी दुसरीकडे हलवावा लागतो, म्हणून एसएसडीचे निर्माते स्वतःच काही हिस्सा ग्राहकाच्या नजरेआड मोकळा ठेवून डिस्क विकतात. तो हिस्सा मागण्याची सोयच ग्राहकाला ठेवलेली नसते, आणि माझ्या मते हे योग्यच केले आहे. कारण जो हिस्सा दिसतो त्यावर हक्क सांगितला जातो. आम्ही एवढ्या टेराबाइटांचे दाम मोजले, मग एवढे आम्हांला का नाहीत, हा प्रश्न अगदी सरळ मनाचे लोक विचारतात, आणि त्याला उत्तर देणे हा व्यवस्थापकाच्या कर्तव्याचा एक भाग आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर देताना अलीकडे मी जपानमधील एका घटनेचा दाखला देतो. २९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटा कंपनीच्या तेथील १४ कारखान्यांतील २८ उत्पादनरांगा थांबल्या. सुट्या भागांची मागणी नोंदवणाऱ्या सर्व्हरांनी काम सोडले होते. कंपनीने पुढे ६ सप्टेंबरला जी कैफियत प्रसिद्ध केली ती या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाने मनन करावी अशी आहे. २७ तारखेला नियमाप्रमाणे देखभालीचे काम निघाले होते. त्यात डेटाबेसमध्ये साचलेला मजकूर काढून टाकून उरलेल्याची नीट मांडणी करायची होती. आणि हे काम चालू असतानाच डिस्कवरील जागा अपुरी पडून त्रुटी उद्भवली आणि यंत्रणा बंद पडली. पर्यायी सर्व्हर होते, पण तेही त्याच यंत्रणेवर चालत असल्यामुळे त्यांचीही तीच गत झाली. अखेर सारा मजकूर अधिक क्षमतेच्या सर्व्हरवर हलवला तेव्हा मार्ग निघाला, आणि दुसऱ्या दिवशी कारखाने पुन्हा सुरू झाले. सायबर हल्ल्याचा संशय घेतला जात होता. तसे काही नव्हते. कुणी हेळसांड केली असेही त्या निवेदनावरून म्हणता येत नाही. काम नियमित देखभालीचेच होते, आणि ते करताना जागा संपली.

काढून टाकण्यालाही जागा लागते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला प्रथम विसंगत वाटते, पण ती संचयाच्या सर्व गंभीर व्यवस्थांच्या मुळाशी आहे. चांगला डेटाबेस एखादी नोंद पुसण्यापूर्वी, आपण ती पुसत आहोत असे रोजकीर्दीत लिहितो, कारण मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेले काम पुरे करावे की मागे फिरवावे हे त्याला त्या रोजकीर्दीवरूनच समजायचे असते. लक्षावधी नोंदी एकदम काढायच्या म्हटल्या की लक्षावधी नोंदींची दखल आधी लिहिली जाते, आणि जागा मोकळी करण्याच्या हुकमाचा पहिला परिणाम जागा झपाट्याने आटण्यात होतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये नोंदी पुसल्याने जागा ऑपरेटिंग सिस्टिमला परत मिळत नाही, ती त्याच टेबलाच्या पुढच्या नोंदींसाठी राखली जाते. ती खरोखर परत हवी असेल तर संपूर्ण टेबलाची नवी, आटोपशीर प्रत लिहावी लागते, आणि ती पुरी होईपर्यंत जुनी प्रतही जागेवर असावी लागते. झेडएफएससारख्या फाइलसिस्टिमचा तर बाणाच असा की जुन्या ब्लॉकावर नवे कधी लिहायचे नाही. फाइल नाहीशी करायची तरी ती नाहीशी झाल्याचे दाखवणारी नवी पाने आधी दुसरीकडे लिहायची आणि मग जुनी सोडायची. तेथे डिस्क काठोकाठ भरली तर फाइल काढण्याची आज्ञासुद्धा जागेअभावी परत फिरू शकते, आणि म्हणूनच तो बत्तिसावा हिस्सा राखला आहे. साध्या लेखनाला तो बंद असला तरी पुसण्याच्या कामासाठी त्यातला काही भाग खुला ठेवलेला असतो. ज्याने ही योजना केली त्याने सुटकेचा मार्गही जागा व्यापतो हे ओळखले होते.

आता हिशेबाकडे वळतो, कारण शिल्लक जागेची रुजवात हा या व्यवसायातला सर्वांत विचारप्रवर्तक भाग आहे. डिस्कचा हिशेब सांगणाऱ्या दोन आज्ञा युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत, डीएफ आणि डीयू. पहिली फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या ताळेबंदाला विचारते. दुसरी एकेका डिरेक्टरीत उतरून, नावानिशी सापडणाऱ्या प्रत्येक फाइलीचे आकारमान मिळवत जाते. दोहोंचा मेळ बसायला हवा, आणि राबत्या सर्व्हरवर तो पुष्कळदा बसत नाही. ताळेबंद ९७ टक्के जागा गेल्याचे सांगतो, आणि नावे मोजत गेले तर ६० टक्क्यांचाही पत्ता लागत नाही. नवशिका येथे डिस्क बिघडल्याचा निष्कर्ष काढतो. वस्तुस्थिती अशी की युनिक्समध्ये नाव आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिरेक्टरीत असतात ती नावे. फाइल त्यांच्यामागे आयनोड नावाच्या तिच्या नोंदीच्या आश्रयाने स्वतंत्र नांदत असते. फाइल काढून टाकणे म्हणजे नाव खोडणे. आणि शेवटचे नाव खोडल्यावरही जोपर्यंत एखाद्या चालू प्रोसेसने ती फाइल उघडून धरली आहे, तोपर्यंत तिचा एक ब्लॉकही मुक्त होत नाही.

यात दोष काढू नये. ही फार उदात्त योजना आहे. जो वाचतो आहे त्याच्या हातातून कुणी मजकूर हिसकावू शकत नाही, आणि प्रोग्राम चालू असतानाच त्याची नवी आवृत्ती स्थापन करता येते, ती याच नियमामुळे. पण हाच नियम भरत्या डिस्कवर अवघड प्रसंग आणतो. डिस्क भरत आली म्हणून घाईघाईने कुणी सर्वांत मोठा लॉग काढून टाकतो. नाव जाते, जागा येत नाही. आणि तो लॉग लिहिणारी सेवा त्या बेनाव फाइलीत पूर्वीच्याच वेगाने लिहीत राहते, आता तर ती शोधून काढणेही पूर्वीपेक्षा कठीण. एलएसओएफ या आज्ञेने उघड्या असूनही नाव न उरलेल्या फायलींची यादी मिळते, आणि सेवा बंद करणे शक्य नसेल तर प्रॉक डिरेक्टरीच्या वाटेने त्या फाइलीपर्यंत पोचून ती जागच्या जागी शून्यावर आणता येते. म्हणून माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी पहिल्याच आठवड्यात सांगतो, की वापरात असलेला लॉग काढू नये, रिता करावा. आणि त्याहून चांगले म्हणजे लॉगरोटेट या साधनाकडून त्याचे नाव बदलून घ्यावे आणि सेवेला नवी फाइल उघडायला लावावी. लॉगरोटेटची दुसरीही एक रीत आहे, मजकुराची प्रत काढून मूळ फाइल रिती करण्याची. ती सोपी आहे, पण प्रत काढणे आणि रिती करणे यांच्या दरम्यानच्या अल्पशा अवधीत लिहिल्या गेलेल्या ओळी हरवू शकतात. जेथे त्या ओळींवर कुणाचा तरी पैसा किंवा कुणाची तरी निर्दोषता अवलंबून असेल तेथे मी ती रीत वापरू देत नाही.

जागा असूनही जागा नाही, असाही एक प्रकार आहे. ईएक्सटी-४ मध्ये आयनोडांची संख्या फाइलसिस्टिम निर्माण करतानाच कायम होते, सामान्यतः दर १६ किलोबाइटांना एक. १०० गिगाबाइटांच्या डिस्कवर या हिशेबाने सुमारे ६५ लाख फायली मावतात, मग त्या कितीही लहान असोत. जेथे प्रत्येक पत्र, प्रत्येक वापरकर्त्याच्या भेटीची प्रत्येक खूण स्वतंत्र फाइलीत ठेवली जाते तेथे आयनोड आधी संपतात, आणि अर्धी डिस्क मोकळी असताना २८ क्रमांकाची तीच त्रुटी समोर येते. फायलींचे आकारमान पाहायचे सर्वांना सुचते. त्यांची संख्या पाहायचे सुचत नाही.

संख्येचाच घोटाळा एकदा पृथ्वीपासून फार दूर झाला होता. जानेवारी २००४ मध्ये मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरलेले स्पिरिट हे यान, उतरल्यानंतर तीनच आठवड्यांत, २१ तारखेला एकाएकी मूक झाले. त्याच्या फ्लॅश स्मृतीवरील फाइलसिस्टिम सर्व फायलींची यादी रॅममध्ये बाळगत असे. महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासापासून साचत आलेल्या फायलींमुळे ती यादी वाढत गेली आणि तिला नेमून दिलेली रॅम अपुरी पडली. यान बंद होऊन पुन्हा सुरू होई, सुरू होताना तीच यादी वाचू पाही, आणि पुन्हा बंद पडे; रात्री झोपी जाण्याचेही त्याला जमेना, आणि बॅटरी क्षीण होत चालली. पासाडेनाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी त्याला फ्लॅशकडे न पाहता, अपंगावस्थेत का होईना, सुरू होण्याची आज्ञा पाठवली, नंतर नको असलेल्या फायली काढल्या आणि अखेर ती फाइलसिस्टिम नव्याने आखून घेतली. कोट्यवधी किलोमीटरांवर, आज्ञा पोचायला मिनिटांवर मिनिटे लागत असताना, त्यांनी जे केले ते तत्त्वतः आम्ही सारे करतो तेच: भरलेल्या स्मृतीवाचून उभे राहता येईल असा एक मार्ग यंत्रात आधीपासून ठेवलेला असावा लागतो, आणि तो त्या यानात होता, म्हणून ते पुढे २०१० पर्यंत बोलत राहिले.

परंतु या साऱ्या विद्येत अवघड काय असेल तर काय टाकावे हे ठरवणे. यंत्र फाइलीचे आकारमान सांगते, तिला शेवटचा हात केव्हा लागला ते सांगते, मालक कोण ते सांगते. तिची किंमत सांगू शकत नाही. दोन वर्षांत कुणी उघडली नाही अशी फाइल निरुपयोगी समजावी, तर तीच एखाद्या दाव्यातला एकमेव पुरावा असू शकते. बर्कलीच्या मंडळींनी मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांच्या कार्याच्या आधारावर जी कोटापद्धत आपल्या प्रणालीत घातली, तिच्यात या अडचणीचे मला फार माणुसकीचे उत्तर दिसते. प्रत्येक वापरकर्त्याला दोन मर्यादा: एक कठोर, जी ओलांडताच येत नाही, आणि तिच्याआधी एक सौम्य, जी ओलांडली तर ताकीद मिळते आणि आवराआवर करायला मुदत मिळते, पुढच्या प्रणालींत ती बहुधा ७ दिवसांची असते. निवड मालकाची, सक्ती मुदतीची. व्यवस्थापकाने दुसऱ्याच्या फायली चाळून त्यांतल्या कोणत्या जगाव्या हे ठरवण्यापेक्षा हे शतपटींनी बरे.

आपल्या महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांसाठी जी सहा गठ्ठा पद्धत चालत आली आहे तिच्याकडे सर्व्हरवाल्यांनी आदराने पाहावे असे मला प्रामाणिकपणे वाटते. चालू प्रकरणे एका गठ्ठ्यात, उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात, नियतकालिक विवरणे आणि स्थायी आदेश आपापल्या जागी, अभिलेख कक्षात धाडायचे कागद वेगळे, आणि अखेरचा गठ्ठा नाश करायच्या कागदांचा. कागद निकाली निघतो तेव्हाच त्याचा वर्ग ठरतो: अ वर्गातला कायमचा, ब वर्गातला ३० वर्षांचा, क वर्गातला १० वर्षांचा, ड वर्गातला वर्षभराचा. महत्त्वाचे हे की नाशाचा निर्णय जागा संपल्यावर, घाबरून, रात्री दोन वाजता होत नाही. तो कागदाच्या आयुष्याच्या पूर्वार्धातच, तो ज्याला समजतो त्या माणसाकडून झालेला असतो. आमच्या सर्व्हरांवर फाइल जन्मते तेव्हा तिला वर्ग नसतो, मुदत नसते, आणि बॅकअप, तात्पुरत्या प्रती, चाचणीचे साहित्य ही सर्व अ वर्गातली असल्यासारखी चिरंजीव होतात. जेथे जेथे मला अधिकार मिळाला तेथे मी हा नियम केला की ज्या कामातून फायली निपजतील त्या कामाच्या विनंतीतच त्यांची मुदत लिहिलेली असली पाहिजे. त्याविना जागा मिळणार नाही. प्रथम कुरकुर होते. वर्षभराने ती थांबते.

इशाऱ्यांविषयी थोडे. डिस्क ८० टक्के भरली की एक सूचना, ९० वर दुसरी, अशी व्यवस्था सर्वत्र असते आणि ती अपुरी असते, कारण तिला गती कळत नाही. ज्या डिस्कवर जुने अभिलेख ठेवले आहेत आणि महिन्यातून एकदाच भर पडते ती ९५ टक्क्यांवर निश्चिंत असू शकते. उलट ६० टक्क्यांवरची एखादी डिस्क दर तासाला २ टक्के भरत असेल तर तिला २० तासांचेच आयुष्य उरले आहे, आणि पहिली सूचना येईल तेव्हा त्यातले निम्मे सरून गेलेले असेल. म्हणून किती भरली यापेक्षा या गतीने केव्हा भरेल हे विचारावे. राखीव हिश्श्याविषयीही हेच तारतम्य हवे. २० टेराबाइटांच्या डिस्कवर ५ टक्के म्हणजे सबंध एक टेराबाइट. केवळ मोठ्या, स्थिर फायली ठेवायच्या असतील तर तेथे ट्यून-टू-एफएसने तो हिस्सा एका टक्क्यावर आणायला मी हरकत घेत नाही. पण ज्या फाइलसिस्टिमवर प्रणाली स्वतः राहते, तिचे लॉग आणि तिच्या रांगा राहतात, तेथे त्या हिश्श्याला हात लावू देत नाही, कारण बाकी सर्वांचे लेखन थांबल्यावर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला उभे राहायला तेवढीच जागा उरते.

जागा संपत आली असता निरनिराळे प्रोग्राम कसे वागतात हे पाहणे बोधप्रद आहे. पोस्टग्रेसक्यूएलला रोजकीर्द लिहायला जागा मिळाली नाही तर तो चालू राहण्यापेक्षा थांबणे पत्करतो, कारण न लिहिता दिलेले वचन त्याला मान्य नाही. मायएसक्यूएल थांबून राहतो आणि दर मिनिटाला जागा झाली का ते पाहतो. या सर्वांत मला टपाल वाहणाऱ्या सर्व्हरांची रीत अधिक सुसंस्कृत वाटते. १९८२ साली एसएमटीपीचे नियम लिहिले गेले तेव्हापासून त्यांत ४५२ क्रमांकाचे एक उत्तर आहे: साठवणीला जागा अपुरी असल्यामुळे सध्या स्वीकारता येत नाही. हा नकार तात्पुरता असतो. पत्र पाठवणारा सर्व्हर ते आपल्यापाशी ठेवून घेतो आणि काही वेळाने पुन्हा येतो. पोस्टफिक्स तर डिस्क भरण्याची वाटच पाहत नाही. सर्वांत मोठ्या स्वीकार्य पत्राच्या दीडपट जागा मोकळी नसेल तर तो नवे पत्र घ्यायलाच नकार देतो, आणि जी पत्रे आधी स्वीकारली आहेत त्यांची जबाबदारी मात्र पुरी करीत राहतो.

माझ्या देखरेखीखालच्या सर्व्हरांवर मी डेटाबेसची रोजकीर्द, टपालाची रांग आणि लॉग यांना वेगवेगळ्या फाइलसिस्टिम दिल्या आहेत, म्हणजे एकाची बेबंदी दुसऱ्याला भोवू नये. शिवाय प्रत्येक डेटाबेसच्या डिस्कवर काही गिगाबाइटांची, आत अर्थशून्य मजकूर असलेली एक मोठी फाइल ठेवलेली आहे, आणि जेथे झेडएफएस आहे तेथे तेवढ्याच जागेचे आरक्षण एका रिकाम्या विभागाच्या नावे केलेले आहे. अगदी निकड आली तर ती सोडावी, मिळालेल्या जागेत डेटाबेस उभा करावा आणि शांतपणे आवराआवर करावी, हा उद्देश. नव्याने आलेल्या प्रकल्पांच्या मंडळींना हिशेबात ती जागा दिसते आणि ते ती मागायला येतात. मी त्यांचे म्हणणे ऐकून घेतो, त्यांची गरज खरी असते हेही मान्य करतो, त्यांच्यासाठी नव्या डिस्कची मागणी त्याच दिवशी लिहून वर पाठवतो, आणि ती जागा देत नाही.